वाघ निसटत नाही, रेडिओ बॅटरी खातो

सध्या गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "वावरात सेन्सर लावून वाघ-डुकराचा माग काढणं थोतांड आहे. सगळे सेन्सर रातभर जागे ठेवले तर बॅटरी आठ दिवसांत संपते, झोपवले तर जनावर निसटतं." ताडोब्याच्या बफरमध्ये हे लगेच पटतं, कारण जागलीनं डोळे तांबारलेल्या माणसाला झोपणारा राखणदार नकोच असतो.

आठ दिवस? मी तर साडेपाचच म्हणतो. सेन्सरच्या डब्यात शेजाऱ्यांना निरोप धाडायला एक रेडिओही असतो. सीसी२४२० हा त्यातला नेहमीचा घ्या. नुसतं ऐकत राहायला तो सुमारे १९ मिलिअँपिअर खातो, बोलायला १७. म्हणजे गप्प बसून कान देणं बोलण्यापेक्षा महाग! २५०० मिलिअँपिअर-तासांचे पेन्सिल सेल त्यात १३१ तासांत खलास. पण खादाड आहे तो रेडिओ. हलत्या अंगाची उष्णता टिपणारा पीआयआर सेन्सर मिलिअँपिअरच्या बारीकशा अंशावर भागवतो. त्याला खुशाल जागा ठेवा. रेडिओनं दर दोन सेकंदांनी दोन शतांश सेकंद कान उघडला, तर तेच सेल हिशेबानं वर्षाच्या पुढे जातात. जनावर दिसून हाक मारणारा शेजारचा सेन्सर दोन सेकंद हाक चालूच ठेवतो, म्हणून ती चुकत नाही. रेडिओ असा झोपवत-उठवत चालवायच्या बी-मॅक पद्धतीत ही युक्ती २००४ पासून आहे.

आणि सगळे जागे कशाला? जागलीला अख्खं गाव मचाणावर चढतं का? धुऱ्यावरचा डबा वाजवतो, आवाज सरकेल तिकडचा उठतो. इथंही कडेचे सेन्सर पहारा देतात, जनावराची दिशा-वेग पाहून पुढच्या वाटेवरचे तीन-चारच उठवतात. रोह्यानं, म्हणजे नीलगाईनं, मध्येच वळण घेतलं तर घेर वाढवायचा.

निसटण्याचं म्हणाल, तर ताशी ५ किलोमीटरनं चालणारा वाघ दोन सेकंदांत तीन मीटरही जात नाही. ताशी ४५ नं उधळलेला रोही मात्र २५ मीटर जातो. त्याच्यासाठी लगतचा सोडून त्यापुढचा सेन्सर उठवावा लागतो.

सोलर पॅनेल लावा म्हणणाऱ्यांनी सागाच्या गच्च सावलीत श्रावण काढून पाहावा.

मेसेजवाल्याला खरी खोड काढायचीच होती, तर ती मे महिन्यात सापडली असती. चंद्रपूरच्या दुपारी हवाच अंगाइतकी तापते, पीआयआरला जनावर धड दिसत नाही, उलट तापल्या पानांची सळसळ त्याला जनावर वाटते. प्रत्येक खोट्या हाकेला शेजारचे रेडिओ उठतात, आणि कडेच्या सेन्सरचे सेल सगळ्यांत आधी बसतात. त्यावर त्यानं एक ओळही लिहिलेली नाही.