‘ई-बुक काढलं की पुस्तक चोरीला गेलंच’ म्हणणाऱ्या फॉरवर्डबद्दल

परवा सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी तो फॉरवर्ड टाकला, तुमच्याकडेही आला असेल. ई-बुक एका क्लिकमध्ये हजार जणांकडे फुकट जातं, कागदी पुस्तकाची कॉपी काढत बसायला वेळ कोणाला आहे, म्हणून मराठी लेखक जगवायचा असेल तर ई-बुक काढूच नका. आणि वर शेवटी, ‘आपण घेतलेलं ई-बुक मित्राला पाठवलं तर काय बिघडलं, पुस्तक देतोच की’. काका, राग मानू नका, पण यातलं अर्धं चूक आहे आणि उरलेलं आपसातच भांडतंय.

आधी ते एक क्लिक. किंडलवर (ई-बुक वाचायचं यंत्र) घेतलेलं पुस्तक सहसा तुमच्या अकाउंटला बांधलेलं असतं, ती फाइल मला नुसती पाठवलीत तर माझ्याकडे उघडत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये तर अ‍ॅमेझॉनने फाइल कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीने किंडलवर टाकायची सोयही बंद केली. आता हे कुलूप तुटत नाही असं मी म्हणणार नाही, तुटतं, आणि एकाने तोडलं की पुढच्या हजारांना काही करावं लागत नाही, तेवढं फॉरवर्डवाल्याचं बरोबर आहे.

पण कागद सेफ, हे मात्र अजिबात पटत नाही. टेलिग्रामवर फिरणारी एखादी मराठी पीडीएफ नीट उघडून बघा हो. माझ्याकडे आलेल्या एकीत पहिल्याच पानावर वाचनालयाचा जांभळा शिक्का, खाली दाखल क्रमांक, पान 43 वर कोणाचा तरी डावा अंगठा (नेलपॉलिश अर्धं उडालेलं), आणि मध्येच दोन पानं तिरकी कारण पंख्याने उडाली असणार. हे कुठल्या ई-बुकातून आलं? या पुस्तकाचं ई-बुक निघालेलंच नाही! मी घरच्याच एका 160 पानी पुस्तकावर घड्याळ लावून बघितलं, मोबाईलने समोरासमोरची दोन-दोन पानं घेत 80 फोटो, 14 मिनिटं. चहा निवायच्या आत पुस्तकाची पीडीएफ तयार (लगेच डिलीट केली, शपथ). फुटपाथवरच्या पायरेटेड कॉप्यांचं तर बोलायलाच नको, त्या ई-बुक यायच्या आधीपासून आहेत. आणि झेरॉक्स? दिल्ली युनिव्हर्सिटीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या प्रकाशकांनी 2012 मध्ये केस टाकली ती कागदी पुस्तकांची पानं झेरॉक्स करून विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या संचांवरूनच. 2016 मध्ये दिल्ली हायकोर्टाने शिकवण्यासाठी असे संच काढायला परवानगी आहे असं म्हटलं, ते वेगळं.

राहिलं मित्राला देण्याचं. कागदी पुस्तक दिलं की माझ्याकडे राहत नाही (परतही येत नाही, हा अनुभव सगळ्यांचा). ते मी उसनं देऊ शकते, वाचनालयाला देऊ शकते, रद्दीत विकू शकते, कोणाच्या बापाची परवानगी लागत नाही. फाइल पाठवली की माझी माझ्याकडे आणि एक नवी तुमच्याकडे, म्हणजे कॉपीच झाली. उलट ई-बुक बऱ्याचदा आपल्या मालकीचंसुद्धा नसतं. 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑरवेल या इंग्रज लेखकाची दोन पुस्तकं हक्कांच्या भानगडीमुळे लोकांच्या किंडलवरून परस्पर उडवली होती, पैसे परत केले, नंतर पुस्तक परत द्यायची तयारीही दाखवली, पण उडवलं ते न विचारताच. कपाटातून असं कोणी नेईल का? तेव्हा रीतसर शेअर करायला कागदच सोपा, फॉरवर्डच्या बरोब्बर उलटं.

सगळंच फॉरवर्ड करू नका असंही नाहीये. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर 60 वर्षं हक्क राहतात, त्यामुळे 1919 मध्ये गेलेल्या राम गणेश गडकऱ्यांची नाटकं बिनधास्त पाठवा, पण 2000 मध्ये गेलेल्या पुलंचे हक्क 2060 संपेपर्यंत आहेत आणि रोज सकाळी फिरतात तेच!

ई-बुक न काढणं हा उपाय म्हणावा तर टॉर नावाच्या सायन्स फिक्शनवाल्या प्रकाशकाने 2012 मध्ये आपल्या ई-बुकांचं कुलूपच काढून टाकलं, आणि वर्षभराने त्यांनीच सांगितलं की चोरीत म्हणावी अशी वाढ दिसली नाही. मराठीतही तसंच होईल असं नाही, मान्य. पण माझी मावसबहीण जर्मनीत असते, तिला वर सांगितलेलं तेच पुस्तक हवं होतं, कार्ड हातात घेऊन बसली होती बिचारी, ई-बुक कुठेच नाही, कागदी प्रत मागवायची तर टपालखर्च किमतीपेक्षा जास्त. शेवटी तिने अंगठ्यावालीच वाचली.