गाळाखालचा दारूगोळा

२०२४ च्या ऑगस्टमध्ये एक बातमी आली होती आणि मी ती हसणारी इमोजी टाकून शेअर केली होती. स्वित्झर्लंडच्या संरक्षण खात्याने लोकांना साकडं घातलं होतं: आमच्या सरोवरांच्या तळाशी जुना दारूगोळा पडलाय, पाण्याला धक्का न लावता तो बाहेर कसा काढायचा ते सुचवा. बक्षिसाची रक्कम ५०,००० फ्रँक. माझा शेरा होता, "आधी स्वतःच टाकायचं आणि मग कसं काढू म्हणून निबंधस्पर्धा घ्यायची." लाइक भरपूर मिळाले. आज तो शेरा थोडा मागे घ्यायचा आहे. सगळा नाही.

झालं असं, की त्या पोस्टखाली माझ्या एका पाणबुड्या मित्राने एवढंच लिहिलं: "तू काय सुचवलं असतंस?" मी उत्तर टाळलं. मग त्याने फोन केला आणि गाळ म्हणजे काय ते मला समजावलं. गोड्या पाण्याच्या सरोवरात तळाशी पीठ चाळून पसरावं तसा मऊ गाळ असतो. पायाचा फ्लिपर जरा खाली गेला, की तो ढगासारखा वर येतो आणि मग स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. "मी तीस मीटरवर असतो रे," तो म्हणाला, "आणि तरी दहा मिनिटं एका जागी गप्प बसावं लागतं."

स्वित्झर्लंडमधला दारूगोळा तीस मीटरवर नाही, दीडशे ते दोनशेवीस मीटरवर आहे. थून सरोवरात ४,६०० टन, लुसर्न सरोवराच्या दोन भागांत मिळून ३,३०० टनांच्या आसपास, ब्रिएन्झमध्ये २८० टन. काही ठिकाणी वर दोन मीटरपर्यंत गाळ साचलेला. चार मिलिमीटरच्या गोळीपासून पन्नास किलोच्या बॉम्बपर्यंत सगळं एकत्र, आणि कित्येकांना स्फोट घडवणारे फ्यूज अजून लावलेले. चुंबक लावून उचलावं म्हटलं तर बराचसा माल पितळ, तांबं, ॲल्युमिनियमचा. गाळ ढवळला तर तो पाण्यातला ऑक्सिजन खातो, आणि खोल पाण्यात ऑक्सिजन मुळातच जपून वापरावा इतका. थोडक्यात, निबंधस्पर्धा वाटली तितकी हास्यास्पद नव्हती.

तरी प्रश्न राहतोच: टाकलाच का? त्या काळाचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. १९४७ च्या डिसेंबरमध्ये मिथोल्झ गावाजवळ डोंगरात खोदलेलं दारूगोळ्याचं कोठार फुटलं आणि नऊ माणसं गेली. आधीच्या आणि पुढच्या वर्षीही त्याच देशात अशीच कोठारं फुटली होती. डोंगरात ठेवला तर फुटतो, पाण्यात टाकला तर फुटत नाही, इतकं सरळ गणित होतं. मिथोल्झमधला काही उरलासुरला मालही थून सरोवरातच गेला. घाबरलेल्या माणसाने घरातली आग विहिरीत लोटावी, तसं. त्या क्षणापुरतं चूक म्हणता येत नाही. पण टाकाटाकी त्याच्या आधीच सुरू झाली होती आणि नंतर साठच्या दशकापर्यंत चालू राहिली, तिला घबराट म्हणता येणार नाही. ती सवय होती.

आता विषाकडे. इथे दोन्ही बाजूंनी खोटं बोललं जातं असं माझं मत आहे. एक गट म्हणतो, पाणी विषारी झालंय. तसं दिसत नाही. तिथे नियमित नमुने घेतले जातात आणि स्फोटकांचे अंश मर्यादेच्या कितीतरी खाली सापडतात. थून सरोवरातल्या फेल्खन माशांच्या जननेंद्रियांत विकृती सापडल्या तेव्हा सगळ्यांनी दारूगोळ्याकडे बोट दाखवलं. संशोधनाचा काटा मात्र माशांच्या खाण्याकडे, म्हणजे सरोवरातल्या प्लवकांकडे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांकडे) वळला. मीही तेव्हा बोट दाखवलं असतं, कबूल करतो.

दुसरा गट म्हणतो, रिपोर्ट चांगले आहेत, मग विषय संपला. हेही पटत नाही. थंड पाण्यात, ऑक्सिजन नसलेल्या गाळात लोखंड फार सावकाश गंजतं. म्हणजे आजचा स्वच्छ रिपोर्ट हा बराचसा कवच अजून टिकल्याचा रिपोर्ट आहे. कवच गेलं की आतलं टीएनटी हे स्फोटक हळूहळू विरघळणार आणि त्याचं विघटन होऊन बनणारे पदार्थही निरुपद्रवी नसतात. आरडीएक्स हे दुसरं स्फोटक तर गाळाला फारसं चिकटतही नाही, पाण्याबरोबर चालू लागतं. शिवाय फ्यूजमधला पारा, शिसं. आणि हे समुद्राचं पाणी नाही, नळातून घरात येणारं पाणी आहे.

कॅनडातलं सेंट पिएर सरोवर याहून उथळ, म्हणून याहून धोक्याचं. १९५२ ते २००० तिथे लष्कराने तोफगोळ्यांच्या चाचण्या घेतल्या. सुमारे तीन लाख गोळे डागले, त्यातले आठेक हजार न फुटता राहिले. हिवाळ्यात सरोवर गोठतं, वसंतात बर्फ सुटतो आणि गोळे सोबत घेऊन सरकतो. काठावर येऊन पडलेला गोळा १९८२ मध्ये शेकोटीत फुटला आणि एक माणूस गेला. तिथे 'गाळाखाली सुरक्षित आहे' हा युक्तिवाद करून दाखवा.

उरल पर्वताजवळचं काराचाय तर सरोवर राहिलंच नाही. १९५१ पासून सोव्हिएत अण्वस्त्र कारखान्याचा किरणोत्सारी कचरा त्यात ओतला. १९६७ च्या दुष्काळात काठ कोरडा पडला आणि वाऱ्याने तळाची धूळ उचलून गावोगाव नेली. शेवटी काँक्रीटचे ठोकळे आणि दगडमाती टाकून तेच बुजवलं, २०१५ पर्यंत हे काम चाललं. सरोवराचं दफन.

माझा खरा राग मात्र टाकण्यावर नाही, न लिहिण्यावर आहे. अमेरिकेत सुपीरियर सरोवरात, डुलुथ शहराजवळ, पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून १९६२ पर्यंत लष्कराने चौदाशेहून जास्त पिंपं बुडवली. आत एका दारूगोळा कारखान्याचा भंगार माल. का बुडवली? शस्त्रांची रचना गुप्त होती, शत्रूच्या हाती भंगारसुद्धा लागू नये म्हणून. गुपित शत्रूपासून ठेवायचं होतं, राहिलं ते पाणी पिणाऱ्यांपासून. काठावरच्या रेड क्लिफ जमातीने २०१२ मध्ये पुढाकार घेऊन पंचवीस पिंपं वर काढली. बहुतेकांत शस्त्रांचे सुटे भाग निघाले, काहींत स्फोटकाचा अंश शाबूत. पंचवीस, चौदाशेंपैकी.

समुद्रात कचरा टाकण्याविरुद्ध १९७२ चा लंडन करार आहे. त्यातली समुद्राची व्याख्या देशांच्या अंतर्गत पाण्याला वगळते. म्हणजे जे पाणी कोणी पीत नाही त्याला जगाचा करार, आणि जे पितात ते ज्याचं त्याने बघायचं.

तर मित्राच्या प्रश्नाला माझं उत्तर, दीड वर्ष उशिरा का होईना. खोल सरोवरातलं आत्ता उचलू नये, हे मला पटलं. पण 'उचलू नका' आणि 'विसरा' यांत फरक ठेवा. कुठे, किती, कशाच्या आवरणात पडलंय याची वही उघडी ठेवा. दरवर्षी कवच किती उरलंय ते मोजा, फक्त पाणी नको. त्यासाठीचा पैसा टाकणाऱ्या खात्याने आधीच बाजूला काढावा. पुढे ढकललेलं बिल किती फुगतं ते मिथोल्झने दाखवलंय. डोंगरात उरलेल्या मालाचा धोका समजुतीपेक्षा मोठा आहे, हे गावाला २०१८ मध्ये, म्हणजे सत्तर वर्षांनी सांगितलं गेलं. आता तो काढायचा म्हणून लोकांना वर्षानुवर्षांसाठी गाव सोडावं लागणार आहे, आणि २०२३ मध्ये तिथल्या संसदेने त्यासाठी २.५९ अब्ज फ्रँक मंजूर केले. सरोवरांसाठी ५०,००० फ्रँकची कल्पना. माझा शेरा मी सगळा का मागे घेत नाही, ते यासाठी.

आणि घाई नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक आकडा. सुपीरियर सरोवरातलं पाणी बदलायला सरासरी १९१ वर्षं लागतात. शेवटचं पिंप बुडालं तेव्हा जे पाणी तिथे होतं, त्यातलं बहुतेक अजून तिथेच आहे.