पॉप-अपांना पोरकं करू नका

कॉम्प्युटर चालू केला की कोपऱ्यातून रमीची जाहिरात वर येते, तिच्या डोक्यावर गुडघेदुखीचं तेल येऊन बसतं आणि दोघांना बाजूला सारत 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस आढळले' असा लाल चौकोन अवतरतो. काही माणसं यावर उगाच वैतागतात. जरा विचार करा, घरातले सगळे कामाला गेल्यावर तुमची इतक्या आपुलकीने चौकशी करणारं दुसरं आहे कोण? अमेरिकेतला मुलगा रविवारी फोन करतो. ही मंडळी दर चार मिनिटांनी येतात.

तुमच्याकडे अजून ही वर्दळ नसेल तर निराश होऊ नका. सुरुवात मराठी टायपिंगपासून करा. विंडोजमध्ये मराठीचा फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहिला की मराठी उमटवणारा) कीबोर्ड २०१९च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून आयता आहे; सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडली की काम झालं. हे कुणाला सांगत बसू नका. त्याऐवजी 'मराठी टायपिंग सॉफ्टवेअर फ्री डाउनलोड' असं शोधा. गूगलने आपल्या इनपुट टूल्सचं, म्हणजे टायपिंगच्या साधनाचं, विंडोजवर चालणारं इन्स्टॉलर कधीच काढून घेतलं, पण ते वाटणाऱ्या परोपकारी साइट्सना तोटा नाही. तिथे पाच हिरवी डाउनलोड बटणं दिसतील. सर्वांत मोठं आणि लुकलुकणारं असेल ते दाबा. खरी लिंक खाली बारीक करड्या अक्षरांत असते. ती संशयी स्वभावाच्या लोकांसाठी राखीव आहे.

मग इन्स्टॉलर उघडेल. नेक्स्ट, नेक्स्ट, आय ॲग्री, नेक्स्ट, फिनिश. मध्ये कुठेही थांबायचं नाही. एका खिडकीत 'एक्स्प्रेस' आणि 'कस्टम' असे दोन पर्याय येतात. चुकून कस्टम निवडलंत तर खाली आधीच टिक करून ठेवलेल्या चौकटी उघड्या पडतात: नवं होमपेज, नवं सर्च इंजिन, हवामान सांगणारा टूलबार आणि तुमचा पीसी तिप्पट वेगवान करणारं एखादं रत्न. पुढच्या खिडकीत 'डिक्लाइन' हे बटण मुद्दाम राखाडी केलेलं असतं, म्हणजे ते बंद आहे असं वाटावं. ते चालतं. पण दारात आलेल्याचं मन मोडणं आपल्या संस्कारात बसत नाही.

आडवळणाच्या साइटवर गेल्याशिवाय हे भाग्य लाभत नाही, असं मात्र समजू नका. अनेक प्रोग्रामना लागणाऱ्या जावाच्या अधिकृत इन्स्टॉलरसोबत कित्येक वर्षं आस्क या सर्च इंजिनचा टूलबार येत असे, आणि तोही फिनिश दाबल्यावर दहा मिनिटं दबा धरून बसायचा. लगेच कंट्रोल पॅनल उघडून बघणाऱ्याला तो सापडायचाच नाही. २०११ मध्ये सॉफ्टवेअर वाटणाऱ्या डाउनलोड डॉट कॉम या साइटने तर एनमॅप या नेटवर्क तपासणाऱ्या, सुरक्षातज्ज्ञांच्या हत्यारालाच टूलबारचं वेष्टण चढवून वाटलं. त्याचा निर्माता जाहीरपणे संतापला. २०१५ मध्ये सोर्सफोर्ज या तसल्याच साइटवर गिम्प या फुकट फोटो-एडिटरची तीच गत झाली. मोठ्या माणसांच्या पंक्तीला बसल्याचा अभिमान तुम्हाला वाटायला हवा.

इन्स्टॉलरचा हा खटाटोप जमत नसेल तर त्याहून सोपा मार्ग आहे. क्रिकेटचा सामना फुकट दाखवणारी एखादी साइट उघडा. तिथे एक चाक गरगर फिरत असतं आणि खाली लिहिलेलं असतं: 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा.' रोबो नसण्याचा आणि नोटिफिकेशनच्या परवानगीचा काडीचा संबंध नाही. तरी दाबा. आपण माणूस आहोत हे सिद्ध करायची संधी हल्ली मिळते कुठे?

या प्रकारात कॉम्प्युटरवर काहीच इन्स्टॉल होत नाही, हे त्याचं खरं सौंदर्य. अँटिव्हायरस तासभर स्कॅन करतो आणि 'सर्व काही ठीक' म्हणून मोकळा होतो. परवानगी तुमची, दाखवणारा ब्राउझर, आणि चौकोन येतो तो विंडोजच्या नेहमीच्या कोपऱ्यात. त्यामुळे घरातल्या ज्येष्ठांची पक्की समजूत होते, की प्रत्यक्ष विंडोजच आपल्याशी बोलतंय. त्या चौकोनात बारीक अक्षरांत ब्राउझरचं नाव आणि साइटचा पत्ता असतो. तेवढा वाचू नका, सगळी मजा जाते.

थोडं घराणंही ठाऊक असावं. पॉप-अपचा पहिलावहिला कोड लिहिणाऱ्यांत ईथन झुकरमन यांचं नाव घेतलं जातं. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते लोकांना स्वतःची वेबपानं बनवू देणाऱ्या ट्रायपॉड या साइटसाठी काम करत होते. एका मोटार कंपनीची जाहिरात अश्लील पानावर झळकली, कंपनी खवळली, आणि त्यावर तोडगा म्हणून जाहिरात पानातून काढून वेगळ्या खिडकीत टाकण्यात आली. झुकरमन यांनी २०१४ मध्ये जाहीर माफी मागितली. विनाकारण. आपण कुठे तक्रार केली होती?

मग आला २०१७ चा फायरबॉल. चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या अंदाजाप्रमाणे या ॲडवेअरने, म्हणजे जाहिराती घुसवणाऱ्या सॉफ्टवेअरने, जगभरातले २५ कोटी कॉम्प्युटर गाठले होते आणि त्यांतले अडीच कोटींहून जास्त एकट्या भारतातले. यादीत आपला पहिला नंबर. हे आकडे फार फुगवलेले आहेत असं मायक्रोसॉफ्टने नंतर म्हटलं. लोकांना आपलं चांगलं झालेलं बघवत नाही.

नवाकोरा लॅपटॉप घेणाऱ्यांनीही खंत करू नये. २०१४ च्या अखेरीस लेनोवोच्या अनेक घरगुती लॅपटॉपवर सुपरफिश हे जाहिराती दाखवणारं सॉफ्टवेअर कारखान्यातूनच बसून आलं. सुरक्षित साइटवरसुद्धा जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्याने विंडोजमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे कुठली साइट खरी हे ठरवणारा दाखला, रुजवलं होतं आणि त्याची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपांवर एकच होती. २०१५ च्या फेब्रुवारीत हे उघड झालं, तेव्हा त्या किल्लीचा पासवर्ड एका तज्ज्ञाने हाहा म्हणता शोधून काढला: सुपरफिशमधला हा सर्टिफिकेटचा भाग बनवणाऱ्या कंपनीचं नाव. म्हणजे त्याच वायफायवरचा कोणीही तुमच्या बँकेचा मुखवटा घालून समोर उभा राहू शकत होता. वर प्रोग्राम अनइन्स्टॉल केला तरी सर्टिफिकेट मागे राहायचं. पाहुणा गेला, पण दाराची किल्ली खिशात घालून.

आता काही उत्साही लोक, विशेषतः सुट्टीला आलेले भाचे, या सगळ्याला हाकलायला निघतात. त्यांना पुढच्या जागांपासून लांब ठेवा. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स: तिथे अलाऊ केलेल्या साइट्सची यादी असते आणि नावापुढच्या तीन ठिपक्यांतून एकेकीला दोन क्लिकमध्ये घालवता येतं. निम्मं गोकुळ तिथेच ओस पडतं. मग एक्स्टेंशन्सचं, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांचं पान. तिथे कूपन शोधणारं, पीडीएफ बदलणारं, तुम्हाला कधी घेतल्याचं आठवत नाही असं बरंच काही नांदत असतं. एखादं काढताच येत नाही आणि ब्राउझर म्हणतो, 'तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित'. घरच्या कॉम्प्युटरवर संस्था कुठून आली, हा प्रश्न भाच्याला पडेल. सोसायटीची कमिटी असेल, असं सांगून वेळ मारून न्या. नाहीतर तो रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतली, हा हुकूम देणारी पॉलिसीची नोंद शोधायला बसेल.

अनइन्स्टॉलच्या यादीलाही जपा. ती तारखेप्रमाणे लावली, की ज्या दिवशी दुखणं सुरू झालं त्या दिवशी आलेली सगळी वऱ्हाडी मंडळी एका ओळीत उभी सापडतात. ब्राउझरच्या शॉर्टकटवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडू देऊ नका. टार्गेटच्या चौकटीत शेवटी चिकटवलेला भलताच वेबपत्ता दिसला तर होमपेज बदलून बदलून पुन्हा तेच का येतं याचं गूढ उकलेल. टास्क शेड्युलर तर नकोच. काढलेला प्रोग्राम दर तासाने परत आणणारा मुकादम तिथे बसतो. विंडोज सिक्युरिटीत नको असलेली ॲप्स अडवण्याचा एक स्विच आहे, त्यावर धूळ बसू द्या. ॲडडब्ल्यूक्लीनर हे ॲडवेअर काढणारं साधन फुकट आहे, सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची साधनंही फुकट आहेत, आणि फुकटच्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये. क्रॅक केलेलं फोटोशॉप तेवढं अपवाद.

एवढं होऊनही मन रमत नसेल तर एक दिवस पूर्ण पडदा निळा होईल, भोंगा वाजेल आणि एक फोन नंबर दिसेल. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. ते पान म्हणजे निव्वळ फुलस्क्रीन केलेला ब्राउझर असतो. एस्केप थोडा वेळ दाबून धरलं किंवा टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केला की भोंग्यासकट गायब. पण तुम्ही फोनच करा. पलीकडचा सद्गृहस्थ दुरून कॉम्प्युटर चालवायचं ॲप टाकायला लावेल आणि इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून लाल खुणांची रांग दाखवेल. तसल्या खुणा धडधाकट कॉम्प्युटरवरही शेकड्यांनी असतात, हे तो सांगणार नाही. त्याचं पोट त्यावर आहे. पैसे गेलेच तर १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर ताबडतोब लावायचा असतो, कारण पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. तुम्ही मात्र आधी चार दिवस लाज वाटून घ्या, मग मेहुण्याचा सल्ला घ्या, मग बँकेत जाऊन टोकन काढा.

आणि वैतागून कुणी कॉम्प्युटर फॉरमॅट करून आणलाच तर घाबरू नका. दुकानदार विंडोज टाकताना ॲक्टिव्हेशनचा क्रॅक टाकतोच, त्याच्याबरोबर दोन-चार नवे पाहुणे येतात. जुन्यांची आठवण येत असेल तर ब्राउझरमध्ये साइन-इन करून सिंक, म्हणजे सगळं अकाउंटमधून परत आणणारी सोय, चालू करा. एक्स्टेंशन्स एकूण एक परत येतील, कुणाची गैरहजेरी लागणार नाही. त्याच अकाउंटने ऑफिसच्या लॅपटॉपवरही साइन-इन करायला विसरू नका. तिकडच्या आयटी विभागातल्या पोरांनाही जरा काम मिळू दे.