नायट्रेट वाफेबरोबर उडत नाही

"संभाजीनगरजवळच्या वाळूज भागातल्या विहिरी शेतकऱ्यांच्या युरियानेच बिघडल्या, वस्तीचा-कंपन्यांचा काही संबंध नाही. पाणी वीस मिनिटं उकळा, तुरटी फिरवा, नायट्रेट उडून जातं. नाहीतर बोअर खोल घ्या." हा मेसेज भावकीच्या ग्रुपवरून भाचीपर्यंत पोचला. तिचं बाळ तीन महिन्यांचं, वरच्या दुधावर. म्हणून आधी उकळण्याचंच बघू.

नायट्रेट हा विरघळलेला क्षार. बासुंदी आटवताना साखर उडते का? लिटरला ९० मिलिग्रॅम नायट्रेट असलेलं १० लिटर पाणी घ्या; एकूण झालं ९०० मिलिग्रॅम. एक लिटर वाफ होऊन गेली की तेच ९०० उरलेल्या ९ लिटरात, म्हणजे लिटरला १००. उकळाल तेवढं वाढेल! भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५००:२०१२ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. दुसरं पाणीच नसेल तर एकूण क्षार, म्हणजे टीडीएस, ५०० ऐवजी २००० पर्यंत चालवून घेतात. नायट्रेटला तशी सवलत नाही. तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद त्याने घटते, ओठ-नखं निळी पडतात. उकळल्याने जंतू मरतात, तुरटीने गढूळपणा खाली बसतो, बस्स. नायट्रेट कमी होतं ते आरओने. युएफच्या, म्हणजे नुसत्या बारीक गाळणीच्या, फिल्टरने नाही.

युरियाचं म्हणाल तर त्यात थोडं तथ्य आहे, नाही म्हणत नाही. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांनी २०.७ किलो नत्र असतं. उसाला, आल्याला गोण्या टाकून वर पाट सोडला की पिकाने न उचललेलं नत्र नायट्रेट होऊन खाली झिरपतं. पण नायट्रेटबरोबर क्लोराईड वाढलंय आणि ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतले जंतूही सापडले, तर आधी संडासाचा शोषखड्डा किंवा उकिरडा बघा. युरियाच्या गोणीत ई. कोलाय नसतात. गाव वाढलं, प्लॉटिंग झालं, खोल्यांच्या चाळी उठल्या, आणि तळाला काँक्रीट नसलेली संडासाची टाकी बोअरपासून दहा-पंधरा फुटांवर! पाण्याला रंग आहे, रसायनाचा वास आहे, सीओडी (पाण्यातल्या सांडपाण्या-रसायनांचा भार दाखवणारा आकडा) चढलाय, तरी कंपन्यांचं सांडपाणी सोडून बोट शेतकऱ्याकडेच? चोर सोडून संन्याशाला फाशी.

खोल बोअरचं तेच. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी मुरमातून आणि भेगांतून चालतं. केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप, मुरमातच थांबवलं, भोवती सिमेंट भरलं नाही, तर वरची घाण पाइपाच्या बाहेरून सरळ खाली उतरते. ३०० फूट गेलात तरी. शिवाय काही ठिकाणी खोलात फ्लोराईड लागतं, ते वेगळंच.

तपासायचं तर टीडीएस मीटरवर जाऊ नका. २५० आकड्यात ९० नायट्रेट सहज लपतं आणि जंतू तर त्याला दिसतच नाहीत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नायट्रेट, क्लोराईड आणि ई. कोलाय मागा, रंग किंवा वास असेल तर सीओडीही. मोटर पाच-दहा मिनिटं चालवून मगच नमुना भरा. जंतूंसाठी त्यांचीच निर्जंतुक बाटली घ्या, बर्फात ठेवा, त्याच दिवशी पोचवा. अहवाल येईपर्यंत बाळाच्या दुधाला हे पाणी वापरू नका, उकळूनही.