ताप उतरला की शाळेत पाठवा? गोवराबद्दल फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

पालकांच्या गटांवर गोवराबद्दलचा एक संदेश फिरतो आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: गोवर पूर्वी घराघरांत व्हायचा, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उलट तो येऊन गेला की मूल काटक होतं. लहानपणी एक डोस झाला असेल तर पुन्हा टोचायची गरज नाही, आणि ही लस पुढे मूल होण्यात अडचण आणते. शेवटी सल्ला दिलाय की ताप उतरला की मुलाला शाळेत पाठवा, पण गोवर झाल्याचं शाळेला सांगू नका, नाहीतर आरोग्य खात्याची माणसं दारात येतील. हे वाचून राग येतो, कारण यातलं एकेक वाक्य कुणाच्या तरी लेकराच्या जिवावर बेतू शकतं.

सगळ्यांना व्हायचा, हे खरं आहे. पण १९६३ साली लस आली त्याआधी जगभरात गोवराने वर्षाला सुमारे २६ लाख जीव जात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पुरळ ओसरल्यावर न्यूमोनिया किंवा हगवण लागून मूल दगावायचं आणि घरात नाव त्या दुसऱ्या दुखण्याचं घेतलं जायचं. त्यामुळे गोवराचा दोष आपल्या आठवणीत कमीच राहिला. आणि फार मागे कशाला जायचं? कोविडच्या काळात लसीकरण मागे पडलं आणि २०२२ मध्ये मुंबईत गोवंडी, तसंच मालेगाव आणि भिवंडी इथे गोवर उसळला. मुलं दगावली.

काटक होण्याचं म्हणणं तर सरळ उलटं आहे. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं गेलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं, की इतर रोगांविरुद्ध मुलांनी कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या प्रथिनांपैकी, ११ ते ७३ टक्के गोवराने पुसून टाकले होते. म्हणजे गोवरातून उठलेलं मूल पुढे बराच काळ साध्या साध्या संसर्गांनाही बळी पडू शकतं.

आता शाळेचा मुद्दा. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

गोवराचं मूल पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून पुरळ उठल्यानंतर चार दिवसांपर्यंत रोग पसरवत असतं. आधीच्या चार दिवसांत दिसतं काय? ताप, खोकला, नाक वाहणं, लाल डोळे. घरच्यांना सर्दीच वाटते आणि मूल वर्गात जाऊन बसतं. ते वर्गातून निघून गेल्यावरही विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. संरक्षण नसलेल्या लोकांमध्ये एक रुग्ण १२ ते १८ जणांना हा आजार देतो. म्हणून पुरळ दिसलं त्याच दिवशी शाळेला कळवायचं. एरवी वर्गशिक्षकांच्या हजेरीपटात नुसती गैरहजेरी लागते. कारण कळलं, तरच एका वर्गातली तीन मुलं तापाने घरी आहेत याचा अर्थ लागतो.

आरोग्य खात्याची माणसं येऊन करतात काय? रक्ताचा नमुना घेतात, कारण रुबेला या दुसऱ्या विषाणूच्या आजाराचं आणि डेंग्यूचं पुरळही गोवरासारखं दिसू शकतं आणि नुसत्या नजरेने सांगता येत नाही. मुलाला लागोपाठ दोन दिवस ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस देतात. आजूबाजूला आणखी कुणाला ताप-पुरळ आहे का ते बघतात, कुणाचे डोस राहिलेत ते तपासतात. संपर्क आल्यापासून ७२ तासांत लस मिळाली तर गोवर टळू शकतो. काहींच्या बाबतीत ही वेळ निघून गेलेली असते, हे मान्य. पण त्यांना गोवर निघेल तो साधारण १० ते १४ दिवसांनी, आणि तोवर त्यांच्या भावंडांना, शेजारच्या वर्गाला लस देऊन पुढची साखळी तोडता येते. शाळेनेही एक पथ्य पाळायला हवं. वर्गात मुलाचं नाव घेऊ नये, आजाराचं नाव सांगितलं की पुरे. बदनामीच्या भीतीनेच आया लपवतात.

ताप उतरला म्हणून लगेच पाठवणं चूकच. पुरळ उठल्यापासून किमान चार दिवस घरी, डॉक्टरांनी जास्त सांगितले तर तितके. अंथरुणाशी कडुलिंबाचा पाला ठेवा, कुणाची हरकत नाही, पण तेवढ्यावर थांबू नका. धाप लागली, मूल गुंगीत गेलं किंवा खाईनासं झालं, तर ताबडतोब दवाखाना गाठा.

एका डोसवर भागत नाही, याचं कारण साध्या हिशेबात आहे. नऊ महिन्यांना दिलेल्या पहिल्या डोसने साधारण ८५ टक्के बाळांना संरक्षण मिळतं. ६० मुलांच्या वर्गात सगळ्यांचा एकेकच डोस झाला असेल, तर नऊ मुलं उघड्यावर राहतात. त्यांच्यासाठी १६ ते २४ महिन्यांचा दुसरा डोस असतो. तो चुकला असेल तर आशाताईंना किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा.

राहिली मूल न होण्याची अफवा. २०१७ मध्ये गोवा, कर्नाटक, तमिळनाडू वगैरे ठिकाणी शाळांमधून गोवर आणि रुबेला या दोन्हींवरच्या एकाच लसीची मोहीम सुरू झाली तेव्हाही ती पसरली होती. महाराष्ट्रात मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये आली. या लसीने वंध्यत्व येतं याला कसलाही पुरावा नाही. उलट गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला रुबेला झाला, तर गर्भपात होऊ शकतो किंवा बाळ मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयातला दोष घेऊन जन्मू शकतं. गरोदर बाईला ही लस देता येत नाही, म्हणून मुलींना ती लहानपणीच मिळायला हवी. वर्गात शिकवणारी एखादी बाई गरोदर असेल, तर तिचं बाळही समोर बसलेल्या मुलांच्या लसीवर अवलंबून असतं.