चारच दिवसांच्या द्या

आज सकाळी मेडिकलमध्ये उभा होतो. पुढे एक आजोबा, हातात सिव्हिलचा केसपेपर. दुकानदाराने गोळ्या काउंटरवर मांडून रक्कम सांगितली. आजोबांनी खिशातल्या नोटा दोनदा मोजल्या आणि म्हणाले, "चारच दिवसांच्या द्या." त्याने कात्री काढून पट्टी कापली. काही न बोलता. रोजचंच असणार.

घरी येऊन फोन उघडला तर ग्रुपवर आपली अर्थव्यवस्था जगात कितवी, याचे पेढे वाटणं चालू. डोकं फिरलं.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय, २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या २.५ टक्के करू. २०२५ सरलं, कुणी नाव तरी काढलं का? सरकारचाच २०२१-२२ चा हिशेब १.८४ टक्के सांगतो, आणि ते कोविडचं वर्ष होतं! त्याआधी २००२ च्या धोरणात २०१० पर्यंत २ टक्के करणार होते. तेही हुकलं. त्यामुळे कमेंटमध्ये कृपया पक्ष काढू नका. राज्यांनीही २०२० पर्यंत बजेटचे आठ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर घालायचे होते, तेव्हा मुंबईत बसणाऱ्या राज्य सरकारनेही हसू नये.

मला हे टक्के आईमुळे कळले. खुब्याचं हाड मोडलं होतं. सरकारी वॉर्ड, ऑपरेशनचे पैसे घेत नव्हते, पण रोज एक चिठ्ठी. रॉड बाहेरून आणा. इंजेक्शन बाहेरून आणा. एक दिवस तर ग्लोव्हज! रेशनकार्डावर आईचं नाव चुकलेलं, म्हणून मोफत उपचारांच्या सरकारी योजनेत बसलो नाही. वहिनीने पाटल्या काढून दिल्या, दादाने त्या पतसंस्थेत तारण ठेवल्या. दवाखान्याचं बिल विचाराल तर जवळपास शून्य.

त्या पाटल्यांनाही सरकारी हिशेबात रकाना आहे बरं का. लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेला खर्च: २०२१-२२ मध्ये एकूण आरोग्यखर्चाच्या ३९.४ टक्के. २०१३-१४ मध्ये तो ६४.२ होता, कमी झालाय, मान्य. पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान कार्डही मान्य. पण ते अ‍ॅडमिट झालेल्याला. आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांना ते मेडिकलवाला घेईल?

डॉक्टरांवर राग नाही माझा. चिठ्ठी लिहिणारा तो पोरगेला डॉक्टर आमच्याकडे बघायचाच नाही, कागद पुढे करायचा आणि पुढच्या खाटेकडे वळायचा. एका सिस्टरने एकदा कपाटातून ग्लोव्हज काढून दिले, "हे नका आणू, आहेत." एवढ्यावर आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आजही कुठल्याही डॉक्टरकडे नेलं की ती आधी विचारते, "बाहेरून काय आणायचंय?"

आणि मी? आजोबांना उरलेल्या पट्टीचे पैसे देता आले असते. ते पायरी उतरून गेल्यावर सुचलं. तोवर माझ्या महिनाभराच्या गोळ्या पिशवीत पडल्या होत्या.