एवढंच तर करायचंय

तो गृहस्थ दुपारी जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला शाफ्ट घेऊन आला, माझ्या बेंचवर ठेवला आणि म्हणाला, "असाच एक करून द्या. सेम टू सेम. एवढंच तर करायचंय."

'एवढंच तर' हे दोन शब्द ऐकले की माझ्या पाठीच्या कण्यात रनआउट येतो, म्हणजे फिरता शाफ्ट डोलतो तसा तो डोलायला लागतो.

शाफ्ट पंपाचा होता. बेअरिंग बसायची जागा झिजून चकचकीत झाली होती. मी मायक्रोमीटर, म्हणजे आमचं बारीक मापं घ्यायचं साधन, लावला. ४९.८२ मिलिमीटर. "सेम टू सेम म्हणजे असाच?" मी विचारलं. "अगदी असाच. तुमचं डोकं लावू नका," तो म्हणाला. म्हणजे पंपाने वर्षानुवर्षं राबून जी झीज कमावली, ती मी नव्या पोलादावर पहिल्याच दिवशी फुकट काढून द्यायची! नमुना घेऊन येणाऱ्या माणसाला हे पटवणं लेथ चालवण्यापेक्षा अवघड आहे. नमुना काय सांगतो? आपण कसे मेलो ते सांगतो. जन्मलो तेव्हा कसे होतो ते विचारायचं असेल तर बेअरिंगला विचारावं लागतं. बेअरिंगचं भोक ५० मिलिमीटरचं. त्यावर घट्ट बसायला शाफ्ट ५० पेक्षा कमीत कमी २ आणि जास्तीत जास्त १८ मायक्रॉन जाड हवा. ड्रॉइंगवर याला 'के ६' एवढंच लिहितात, जसं काही बसचा नंबर.

म्हणजे चुकायला मला मोकळी जागा १६ मायक्रॉनची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. केसाने गळा कापतात असं ज्याने म्हटलं तो नक्की टर्नर, म्हणजे माझ्यासारखा लेथवाला असणार, फक्त त्याच्या हाताखालचं काम जरा ढोबळ असावं.

कधीकधी वाटतं, मी उशिरा जन्मलो. १७७६ साली जेम्स वॅटचा भागीदार बोल्टन याने कौतुकाने लिहून ठेवलंय, की विल्किन्सन नावाच्या कारखानदाराने वाफेच्या इंजिनाची सिलिंडरं आतून इतकी अचूक कोरली, की ५० इंचांच्या सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीसुद्धा चूक नाही. नाण्याच्या जाडीएवढी सूट! मला कुणी तेवढी दिली तर मी डोळे मिटून, गाणं म्हणत काम करीन.

असो. पोलादाचा बार लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत धरला, दुसऱ्या टोकाला सेंटरचा टोकदार आधार लावला आणि रफिंग, म्हणजे जादा पोलाद भराभर काढणं, सुरू केलं. या कामातला सुखाचा काळ तो हाच. दोन-दोन मिलिमीटरचे कट, टूलखालून निघणारा निळसर, गुंडाळीदार कीस, मशीनचा भरलेला आवाज. माप अजून लांब असतं. माणूस उदार असतो. येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलतो, मुलांच्या शाळेची चौकशी करतो. मग डायलवर शेवटचा अर्धा मिलिमीटर उरतो आणि तोच माणूस एकदम मुका होतो. कुणी मागून हाक मारली तरी त्याला राग येतो. माझ्या घरी हा बदल ओळखतात. संध्याकाळी मी जास्त बोलत असलो तर बायको विचारते, "आज रफिंग होतं वाटतं?"

शेवटच्या कटाची गंमत सांगतो. मिलिमीटरच्या शंभरातला एक भाग, म्हणजे पॉइंट झिरो वनचा कट दिला, तर टूल कापत नाही, नुसतं अंग घासून जातं. मोजलं तर माप तेवढंच. म्हणून आणखी एक शतांश द्यावा, तर ते मागची उधारी व्याजासकट वसूल करतं आणि तीन शतांश काढून मोकळं होतं. त्यात डायलची भानगड वेगळीच. कुठल्या मशीनवर आकडे त्रिज्येचे, कुठल्यावर व्यासाचे. त्रिज्येच्या डायलवर एक काढला की व्यासातून दोन जातात. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी वर्षातून एकदा प्रत्येक जण हे नव्याने शिकतो.

माझं सगळ्यात महाग शिक्षण मात्र मायक्रोमीटरने केलं. नवीन होतो तेव्हाची गोष्ट. मायक्रोमीटरचा ड्रम एक पूर्ण फेरा फिरला की अर्धा मिलिमीटर होतो, ड्रमवर पन्नास खुणा आणि खालच्या बाहीवर अर्ध्याची एक बारीक रेघ. ती रेघ दिसली तर अर्धा मिळवायचा, नाही दिसली तर नाही. मला ती दिसली असं वाटलं. दिसली नव्हती. ड्रमच्या कडेखालून डोकावू की नको असं करत होती. बारा एकसारख्या पिना मी अर्धा मिलिमीटर बारीक केल्या आणि रांगेत लावून, पुसून, अभिमानाने दाखवायला नेल्या. वस्ताद काही बोलले नाहीत. त्यांनी एक पिन उचलली, ज्या भोकात बसायची त्यात सोडली. ती आरपार जाऊन जमिनीवर पडली. टण्. तो आवाज मला अजून झोपेत येतो.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री मॉड्स्ले नावाच्या इंग्रज कारागिराने स्वतःसाठी एक बेंच मायक्रोमीटर बनवला आणि त्याचं नाव ठेवलं 'लॉर्ड चॅन्सेलर', म्हणजे सर्वोच्च न्यायाधीश. त्याने निकाल दिला की पुढे अपील नाही. त्या बारा पिनांपासून मीही माझ्या मायक्रोमीटरला लॉर्डसाहेब म्हणतो. वापरून झाला की पुसून, मखमलीच्या डबीत झोपवून ठेवतो. घरात एवढी सरबराई कुणाचीच होत नाही, माझी तर नाहीच.

तर शाफ्टच्या त्या संध्याकाळी घाई होती, कूलंटचा, म्हणजे कापताना जॉब गार ठेवणाऱ्या पाण्याचा पंप बंद पडला होता आणि मी कोरडेच कट मारत होतो. जॉब इतका तापला होता की कॉटन वेस्टशिवाय हात लावता येईना. लॉर्डसाहेबांना पुढे केलं. ५०.०१. बरोब्बर मधे! मी मशीन बंद केलं, हात धुतले आणि शीळ घालत घरी गेलो.

सकाळी सहज, नुसतं पुन्हा सुख घ्यावं म्हणून मोजलं. ४९.९९.

पोलाद तापलं की फुगतं आणि निवलं की आकसतं, हे मला शाळेत असताना मार्कांसाठी माहीत होतं. एक मीटर पोलाद एका अंशाला साधारण साडेअकरा-बारा मायक्रॉन वाढतं. पन्नास मिलिमीटरचा जॉब पस्तीस अंश जास्त तापला की झाले दोन शतांश. म्हणूनच तर मापं घ्यायची ती २० अंश सेल्सिअसला, असं १९३१ सालीच आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरवून टाकलंय. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी बसून ही सोय केली आणि मी एका संध्याकाळी ती धुडकावली. लॉर्डसाहेबांचा निकाल बरोबर होता, साक्षीदारच तापात बरळत होता.

वेल्डिंगने भर घालून पुन्हा टर्निंग करता आलं असतं, पण नव्याकोऱ्या शाफ्टला पहिल्याच दिवशी ठिगळ? मी दुसरा बार काढायला वळलो आणि नेमका तो गृहस्थ बेअरिंग हातात घेऊन दारात.

मी "थांबा" म्हणेपर्यंत त्याने बेअरिंग शाफ्टवर ठेवलं आणि ते सुळकन आत गेलं. तो हरखला. बाहेर काढलं, पुन्हा घातलं. पुन्हा काढलं. "वा! याला म्हणतात हात! लोण्यासारखं बसतंय!" त्याने आजूबाजूच्या दोघांना बोलावून दाखवलं. मी मान खाली घालून उभा. कारकिर्दीत मला एवढी दाद कुणी दिली नव्हती आणि मिळाली ती रिजेक्ट मालाला. मी सांगितलं, "हा सैल झालाय. बेअरिंगची रिंग यावर घसरत फिरेल आणि महिन्या-दोन महिन्यांत तुमचा जुना शाफ्ट होता तसा हा होईल." त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं. त्याला वाटलं, मी काम वाढवून सांगतोय.

दुसरा शाफ्ट दोन दिवसांनी केला. कूलंट दुरुस्त करून, शेवटचे तीन शतांश ठेवून जॉब रात्रभर निवू दिला. त्या रात्री तर्जनीत शिरलेली पोलादाची कुसळ काढण्यात तासभर गेला. दिसत नाही, पण शर्टचं बटण लावताना बरोबर जाणवते. भिंगातून बघून चिमट्याने काढली तेव्हा ती डोळ्यांना जेमतेम दिसली. सवयीने मोजायचा मोह झाला. बायकोने भिंग काढून घेतलं.

सकाळी थंड जॉबवर शेवटचा कट. तीनदा मोजलं. ५०.०१. अर्ध्या तासाने पुन्हा. ५०.०१.

गृहस्थाने बेअरिंग लावून पाहिलं. जाईना. त्याचा चेहरा पडला. "बिघडवलात! मागचाच बरा होता. थोडा घासा ना." मी बेअरिंग तेलात शंभरेक अंशांपर्यंत गरम केलं. त्याचं भोक जवळपास पाच शतांश फुगलं आणि दोन बोटांनी ढकललं तरी जागेवर जाऊन बसलं. ज्या फुगण्याने परवा माझी अब्रू घेतली, त्यानेच आज ती परत आणून दिली. मिनिटाभरात ते निवून असं आवळलं गेलं, की तो दोन्ही हातांनी ओढत राहिला.

"आता निघणार कसं?" त्याने विचारलं.

"निघू नये म्हणूनच केलंय."

त्याला ते फारसं रुचलं नाही. शाफ्ट बनियनमध्ये गुंडाळता गुंडाळता त्याची नजर बेंचखाली गेली. "तो पहिला तुम्हाला लागत नसेल तर मी नेऊ का? स्पेअरला. किती छान बसत होतं त्यात!"

मी काही न बोलता पहिला शाफ्ट उचलला, व्हाइसमध्ये आवळला आणि हॅकसॉ घेतली. चुकलेला जॉब अखंड ठेवला की तो कुणाच्या तरी पंपात जाऊन बसतोच.

तो लगबगीने जवळ आला. वाकून, डोळे बारीक करून बेअरिंगच्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "कापताय ना, मग इथून कापू नका. जरा इकडून कापा. मला एवढाच तुकडा पुरेल."